चार मिनिटांचा शॉट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एकदा-दोनदा ओठांवर आलं होतं, पण मग मी चहा टाकायला उठले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल कदाचित.

सुरुवात रुक्सानापासून करते. कुठूनही सुरू केलं तरी शेवटी तिच्यापाशीच येणार आहे.

साताऱ्याला आम्ही दोघी बीएपासून एका वर्गात होतो, आणि पुढे एमएलाही, जनसंवाद विषयाला. ती कोरेगावची, मी कोरेगावजवळच्या एका खेड्यातली. रोज एकच एसटी, एकच सीट, आणि दोन डबे असले तरी जेवण एकच. तिची आई बाजारात बांगड्या भरायची, आणि हंगामात जत्रा-यात्रांतून पाल टाकून दुकान मांडायची. मी त्यांना मावशी म्हणायचे. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस. आमच्यात वाकडं यावं असं काहीच नव्हतं. निदान तिच्या बाजूने तरी नव्हतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. एकतर प्रबंध लिहायचा, नाहीतर लघुपट करायचा. मी प्रबंधच घेणार होते, अगदी नक्की. कलेचं आणि माझं कधी जमलंच नाही. शाळेत माझ्या चित्रातली गाय कोणती आणि कुत्रा कोणता हे कळायला खाली नाव लिहावं लागायचं. पण अर्ज भरताना रुक्साना माझ्या पुढे उभी होती. तिने जराही न थांबता लघुपटावर खूण केली. पेन माझ्या हातात दिलं आणि हसली. आणि मी — मीही तिथेच खूण केली.

मला लघुपट करायचा होता का? मुळीच नाही. तिने तो एकटीने करू नये, एवढंच हवं होतं मला.

वर्गात मात्र सगळे मला जाणकार समजायचे. मी चार पुस्तकं वाचलेली, 'फ्रेम' आणि 'लय' असले शब्द तोंडात. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं. माझ्या हाताला काही येत नव्हतं, पण दुसऱ्याचं पाहून चांगलं कुठलं आणि पोकळ कुठलं ते मला बरोबर कळायचं. हे आत्ता मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटायला नको.

मी माझ्या गावावर लघुपट केला. घरटी एक माणूस फौजेत, हा विषय. वडिलांना जुना गणवेश घालायला लावला, त्याची बटणं लागेनात. लग्नाचं शूटिंग करणारा चुलतभाऊ ड्रोन घेऊन आला, आणि दर वेळी काहीतरी बिनसलं म्हणून वडिलांना उन्हात तीनदा सलाम ठोकावा लागला. आता कुठं बघू, असं ते सारखे विचारत होते. त्या लघुपटात झेंडा होता, बासरी होती, वरून दिसणारा हिरवागार ऊस होता. पाहणाऱ्याला धरून ठेवील असं काही नव्हतं. आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

रुक्सानाचं मात्र या एका गोष्टीवर सगळं अडलेलं होतं. विभागातून एकच लघुपट विद्यापीठाच्या कार्यक्रमासाठी सांगलीला जाणार होता. तिला पुढे पुण्याला जाऊन कॅमेऱ्याचं शिक्षण घ्यायचं होतं. तिचे अब्बा वाईट नव्हते, पण घाबरट होते. नंबर आला तर बघू, असं ते म्हणाले होते. त्यांच्याकडून 'बघू' एवढं मिळवायलाही तिला सहा महिने लागले होते.

जानेवारीत ती आमच्या घरी आली. सगळी जुळवाजुळव तिने फोनवरच केली होती. तुझ्या लॅपटॉपवर मोठं दिसंल, म्हणाली. तिनेच ती पहिली कॉपी माझ्या लॅपटॉपवर उतरवली. माझ्याकडची ती कॉपी तेव्हाची.

लघुपट तिच्या आईवर होता. बाजार, बांगड्यांच्या माळा, घासाघीस — ठीक होतं सगळं. आणि मग म्हसवडच्या यात्रेतला एक शॉट आला.

एक म्हातारी आपल्या सुनेला बांगड्या भरायला घेऊन आलेली. सुनेच्या भरून होतात, सून उठते, म्हातारी तशीच बसून राहते. कपाळ मोकळं, हात मोकळे. मावशी तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "आवं आत्या, हात द्या हिकडं. बांगडी न्हाई भरत, नुसता द्या." म्हातारी आधी हात पदराखाली घेते. मग देते. आणि मावशी तो हात, बांगडी भरताना दाबतात ना — अंगठा आत घेऊन, बोटांची पेरं एकेक सैल करत — तसा दाबत राहतात. बांगडी नाहीच. मागे यात्रेचा गलका, आणि समोर फक्त दोन हात. म्हातारीचा चेहरा तिने दाखवलेलाच नाही. चार मिनिटं दहा सेकंद. शेवटी मावशी हात तिच्या मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "जावा आता, रथ निघंल."

माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच पोटात आग पडली. मत्सर हा शब्द फार सभ्य वाटतो मला. मला तिचा राग आला. माझ्याशेजारी डब्यातली चटणी बोटाने चाटून खाणारी ही पोरगी — हिला कुठून कळलं की चेहरा दाखवायचा नाही? कोणी शिकवलं? मला का नाही कळलं? मी वडिलांना तीनदा सलाम ठोकायला लावला, आणि हिने नुसता फोन धरला होता.

कसं वाटलं, खरं सांग, असं तिने विचारलं.

मी आधी म्हटलं, लांबलाय. मग म्हटलं, हलतोय. ती हसली. हलू दे की, अम्मीचा हातबी हलतोयच, म्हणाली. तिला आपलं काम कळत होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. थांबायला हवं होतं ना?

मी जे म्हटलं ते अजून शब्द न् शब्द पाठ आहे. "माझं काय न्हाई गं. पण उद्या कुणी म्हणालं, आमच्यातल्या बाईचा हात धरून तुमची आई काय करतीया — तर? दिवस कसलं हायत, बघतीस की. तुमच्यावर यील उगाच."

आमच्यातल्या. तुमची. तुमच्यावर. पाच वर्षांच्या मैत्रीत हे शब्द आमच्यामध्ये एकदाही आले नव्हते. मी ते आणले. मला असली काही भीती वाटत नव्हती. त्या शॉटला कुणी नावं ठेवील असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बाकी कशाने ती ऐकणार नाही, आणि याने ऐकेल. तिची आई गावोगावच्या यात्रांत पाल टाकून बसते, हे मला माहीत होतं. म्हणून तर बोलले.

तिने लॅपटॉप हळूच मिटला. मग म्हणाली, "ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ." आवाज इतका बारीक झाला होता तिचा. त्याच आठवड्यात तिने तो शॉट काढून टाकला, फोनमधूनही. त्याजागी लाखेच्या बांगड्या कशा करतात याची माहिती घातली.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, माहिती उत्तम आहे, पण यात माणूस सापडत नाही. सापडणार कसा? सांगलीला माझा लघुपट गेला. जायच्या आदल्या दिवशी मावशींनी मला कोरेगावला बोलावून दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. माझा हात आखडला होता, तर म्हणाल्या, सैल सोड गं, भ्यालीस का एवढी. सभागृहात ड्रोनच्या शॉटला टाळ्या पडल्या. रुक्साना पहिल्या रांगेत बसली होती, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच टाळ्या वाजवत होती. तिच्याकडे बघवेना मला. पण खरं सांगते — टाळ्या आवडल्या. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुण्याचं पुढे काही झालं नाही. तिचं लग्न झालं. आता वाईला तिचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि दुकानासाठी ती फोनवर वीस-वीस सेकंदांचे रील करते. मी सांगलीत असते, एका शिकवणीच्या क्लासच्या जाहिराती लिहिते. तिचे रील मी बघते — माझं नाव नसलेल्या खात्यावरून. परवा एकात फक्त एका लहान मुलीची मूठ होती, बांगडी घालायला न उघडणारी. बघितलं, आणि तेच झालं. तीच आग. इतकं सगळं करूनही ती विझलेली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित मी हे लिहिलं नसतं.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. मी मातीला गेले होते, रुक्सानाला धरून रडलेही. चाळीसावा झाल्यावर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "तुझ्याकडं ती पयली कॉपी आसंल का गं? म्हसवडची? फोटो लय हायत, पण अम्मीचा आवाज कुठंच न्हाई."

लॅपटॉप समोरच होता, उघडा. फाइल कुठे आहे ते मला शोधावंही लागलं नसतं, कारण दरम्यानच्या वर्षांत मी ती किती वेळा पाहिलीय ते मलाच माहीत. मी म्हटलं, "लॅपटॉप बदलला गं. समदं गेलं."

का म्हटलं? कारण पाठवली असती तर तिने ती पाहिली असती. वयाने, अनुभवाने आता तिला कळलं असतं की तो शॉट काय होता. आणि मग हेही कळलं असतं की मला तेव्हाच कळलं होतं.

 ती मलाच समजावू लागली. असू दे, तू तरी काय करणार, म्हणाली. आणि वर — हे मी विसरू शकत नाही — म्हणाली, "तू तवा सांगितलंस म्हणून बरं झालं बघ. अम्मी शेवटपतूर म्हसवडला पाल टाकीत हुती. कुणी काय म्हणालं न्हाई."

मी 'हो' म्हटलं. 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला.

आज दुपारी पुन्हा पाहिला तो शॉट. "बांगडी न्हाई भरत, नुसता द्या," मावशी म्हणतात. आवाज अगदी स्वच्छ आहे, यात्रेच्या गलक्यातही. चार मिनिटं दहा सेकंद, आणि त्यातला एक सेकंदही जास्तीचा नाही. रुक्सानाचा नंबर माझ्याकडे आहे. फाइल जायला फार तर दोन मिनिटं लागतील.

मी ती पाठवलेली नाही.