ती ओळ मी काढली होती

मिहिर, इरा,

हे तुमच्या आईला माहीत नाही. आजोबा असते तर त्यांनाही सांगितलं नसतं. तीन वर्षं झाली, मी पत्र सुरू करते, उन्हाचं आणि गुडघ्याचं लिहिते आणि पाकीट बंद करते. आज तरी लिहून होईल का?

इरा, तुला सगळं ठाऊक नसेल, म्हणून आधीपासून सांगते. मिहिरने जर्मनीहून माझ्यासाठी एक डबी करून पाठवली होती. कमरेला लावायची. आत त्याने स्वतः आखलेला सर्किट बोर्ड. मी पडले तर सेन्सरला कळणार, सेन्सर एका तारेने झोपलेल्या चिपला उठवणार आणि चिप मिहिरला निरोप धाडणार. ती तार चिपला जिथे मिळते, त्या जागेला इंटरप्ट पिन म्हणतात. तो आणि त्याचे दोन मित्र अशा डब्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी करणार होते. पहिली तपासायची माझ्यावर — का, तर अंबाजोगाईच्या कॉलेजात मी फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेतली. मुलांनी घरून बनवून आणलेली रीडिंगं मी लाल पेनाने खोडायची. डबी कधी, कशी वाजली ते मी वहीत लिहून त्याला कळवायचं. माझ्या वहीवर त्याचा विश्वास होता.

डबी आली आणि उगाचच वाजू लागली. मी मेथी निवडत बसलेली — आणि त्याचा फोन. “आजी, पडलीस का गं? बोल आधी!” माझे दहा म्हणजे त्याचे साडेपाच. झोपेतून उठलेला असायचा. पण मग उठलोच आहे म्हणून बोलत बसायचा. काय खाल्लंस, औषध घेतलंस का, कौसाबाई आल्या का. वीस-वीस मिनिटं.

आठवड्याभरात त्याने दोष शोधला. आपण पडलो की सेन्सर ती तार खाली ओढतो, म्हणजे तिचं व्होल्टेज शून्यावर आणतो. एरवी तिला वर धरून ठेवायचं काम चिपचं, आणि तेवढंच प्रोग्राममध्ये सांगायचं राहिलं होतं. न धरलेली तार कशानेही दचकते. त्याने प्रोग्रामची तेवढी एक ओळ पाठवली. मी लॅपटॉपला केबल लावली, ओळ घातली, प्रोग्राम चढवला. डबी गप्प झाली.

अकरा दिवस गप्प. फोनही गप्प. सकाळी मी ‘ठीक’ लिहायची, तिकडून अंगठा यायचा.

बाराव्या दिवशी मी ती ओळ काढली.

मला कळत नव्हतं, असं समजू नका. सेन्सरचं इंग्रजी माहितीपत्रक मी पेन्सिल घेऊन वाचलं होतं. कौसाबाई फरशी पुसत होत्या. केबल पाहून म्हणाल्या, “परवाच तर नीट झालती मॅडम, आता कावून उघडायलात?” नीट चालावी म्हणून, मी म्हणाले. त्या हसल्या. “माझी पोरं ऊस तोडायला कर्नाटकात गेलीत, दिवाळीपस्नं फोन न्हाई. मलाबी द्या की एक डबी! दचकून तरी फोन करतेल.”

मी त्यांच्यावर चिडले. कावून चिडले — मीच विचारते.

ओळ काढण्यापर्यंत कदाचित तो एका म्हातारीचा खोडसाळपणा होता. पण मी वही उघडली. लिहिलं — ‘ओळ घातलेली आहे. तरीही वाजली.’ तारीख, वेळ, सही. फोटो काढून मिहिरला पाठवला. अशा सतरा नोंदी.

माझ्या वहीत ओळ आहे म्हटल्यावर तो दोष कुठे शोधणार? बोर्डातच ना? त्याने बोर्ड नव्याने आखला. दुसरा पाठवला, मग तिसरा. मी दोन्हींच्या प्रोग्राममधून ती ओळ काढली. शेवटी त्याने मित्रांना सांगितलं, “आखणीच माझी चुकते, मला हे जमत नाही.” मित्र दुसऱ्या कामाला लागले. तो आता विम्याच्या कचेरीत प्रोग्राम लिहितो.

हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोलले नाही. “जाऊ दे रे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस,” म्हणाले. तो रडत होता आणि मी त्याला समजावत होते — मी! त्या दिवशी तो तासभर बोलला. आणि — इथे माझा हात थांबतो आहे — तो तास मला बरा वाटला.

मिहिर, पहिलाच बोर्ड बरोबर होता. तुझी ओळ बरोबर होती. त्या सतरा नोंदी खोट्या आहेत. त्या मी केल्या, दिवसाढवळ्या, चष्मा लावून, कुणी सांगितलेलं नसताना.