कूलरपुढची लेन्स

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून आमचे हे अमरावतीच्या घरात खुर्चीत बसून असतात आणि काहीच मागत नाहीत. चहा दिला तर घेतात, नाही दिला तर नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, "कॅमेरा काढ." जन्मभर लग्नांचे फोटो काढलेला माणूस. मी कपाटाकडे धावलेच.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली.

ती कुणी पोसली, तेही सांगते. तीस वर्षांपूर्वी या घरात एक अतिशहाणी बाई राहायची. मे महिन्याच्या उन्हात काच तडकेल, या धास्तीने ती लेन्सचा चामडी डबा रोज कूलरच्या पुढ्यात ठेवायची. वाळ्याचा ओला गार वारा, दर उन्हाळ्यात. वर शेजारणींना ऐकवायची, "आमच्या लेन्सले बी कूलर लागते." पुढे तोच ओलसर डबा तिने कपाटात कोंबला. आज भेटली तर तिला कूलरच्या टाकीत बुडवीन. पण सर्दी मलाच होईल.

"सेल आणाले लागते," असं ह्यांना खोटंच सांगून मी अकोल्याची गाडी धरली. तिथे जुने कॅमेरे उघडणारे एक भाऊ आहेत. त्यांनी भिंगं सुटी केली, पुसली, उजेडाकडे धरली, परत पुसली. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले.

"बुरशी निंघाली आजी, पण तिनं काचेवरचा थर खाल्ला. हे डाग आता जात नाहीत."

"अजून एकडाव पुसून पाहा न, भाऊ."

"किती पुसू? काच आहे, गंज-पातेलं नाही भाताचं."

तरी मी तिसऱ्यांदा पुसायला लावलंच.

घरी येऊन कॅमेरा ह्यांच्या चालत्या हातात दिला, खाली उशी लावली. डोळा लावून ते अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत राहिले. मग कॅमेरा मांडीवर ठेवला.

"धुक्यावानी दिसते. डोये बी गेले वाटते माये."

मी गप्प बसले असते तर माझी चूक त्यांच्या डोळ्यांवर गेली असती. पण मग हा माणूस पुन्हा कधी काही मागणार नव्हता.

"डोये चांगले हायेत तुमचे," मी म्हटलं. "लेन्स म्या नासवली. कूलरपुढं ठेवून ठेवून."

ते शर्टाच्या टोकाने काच पुसू लागले.

"आतून आहे ते. निंघत नाही."

ते पुसतच राहिले.