गॅरेज की विहार?

जुनी गाडी बंद पडली, की तिचं काय करायचं हे तुम्ही कुणाला विचारता? मेकॅनिकला, गिऱ्हाइकाला, फार तर शेजाऱ्याला. त्या गाडीत बसणाऱ्या माणसाला विचारता का? मी विचारलं नव्हतं.

माझं लहानपण पुस्तिकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. वडील सभांच्या मैदानात चटई टाकून प्रबोधनाच्या पुस्तिका विकायचे आणि मी त्यांच्या पाठीमागे त्या वाचून संपवायची. आज मी स्वतः पत्रकं लिहिते. गाडीला लिंबू-मिरची बांधू नका, बाबा-बुवांच्या मागे लागू नका, आपलं डोकं दुसऱ्याकडे गहाण टाकू नका. असलं लिहिणारी माणसं 'अनुभव' सांगायला बसत नाहीत. मलाही संकोच वाटतोय. तरी जे घडलं ते आहे तसं लिहिते.

आईची डावी बाजू लकव्यानं अधू झाली, तेव्हा आम्ही एक वापरलेली छोटी गाडी घेतली. बसची पायरी आईला चढवत नाही. शहरात, प्रताप नगरातल्या आमच्या घरापासून बुद्धविहार जवळ आहे, पण तिचा जीव सावनेरच्या पुढे, तिच्या माहेरच्या गावातल्या विहारात. तिथल्या बायकांना बुद्धवंदना तिनंच शिकवली. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती तिथे जाते, पुढे बसते आणि वंदना सांगते. महिन्यातले बाकीचे दिवस ती पलंगावर असते. एवढा एक दिवस ती कुणाची तरी गुरू असते.

यंदा गाडी सारखी तापू लागली. आमचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, इंजिन खोला लागते. तेवढ्या पैशात दुसरी गाडी येते. काहून जीव लावून राहिल्या भंगाराले?" मला ते शंभर टक्के पटलं. घरी येऊन मी आईलाच अनित्यतेवर प्रवचन दिलं. वस्तू आज आहे, उद्या नाही, मोह धरू नये. आई म्हणाली, "हो वं बाई, अनित्य हाय. मीबी हाय. पन पौर्णिमेले मले कोन नेईन?" बघू, म्हणून मी विषय संपवला. एवढी पौर्णिमा करायची आणि गाडी विकून टाकायची, असं ठरवलं.

ती पौर्णिमाही पुरती झाली नाही. सावनेर मागे पडलं आणि एका संत्र्याच्या बागेजवळ बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी थांबली ती थांबलीच. सावनेरच्या गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, ओढून आणा, मग पाहतो. गाड्या बाजूनं निघून जात होत्या. आई नुसती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. प्रार्थना मी करत नाही, करायची तर कुणाची हाही प्रश्न आहे. पण कुणीतरी यावं, असं मनात अगदी आतून उठलं. ते मी कुणाला म्हटलं, हे आजही सांगता येणार नाही.

बागेच्या वाटेनं एक ट्रॅक्टर आला. चालवणारी पन्नाशीची बाई होती. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला दुपट्टा. "काहून वं पोरी, गाडीचा चहा करून राहिली का?" असं म्हणत ती उतरली, ट्रॅक्टरवरचा दोर काढला आणि विचारलं, "कुठं नेऊ?"

"सावनेरला. गॅरेजमध्ये."

तिनं वाकून खिडकीतून आत पाहिलं. "अन् तुमाले कुठं जाचं हाय, माय?"

"पुढच्या गावी, विहारात," आई म्हणाली. "आज पौर्णिमा हाय."

बाई माझ्याकडे वळली. "गाडी तं मेलीच हाय वं. मेलेल्याले काय घाई? हे माय जित्ती हाय. हिले उशीर होऊन राहिला."

आई त्या सकाळी पहिल्यांदा हसली.

दोर बांधताना बाईनं मला बजावलं, "गेर न्यूट्रल ठेव. दोर ढिला पडू देऊ नको, झटका बसते. मी चालली तिकडंच ये, आपलं डोकं नको चालवू." माझ्या सगळ्या पत्रकांच्या विरुद्ध वाक्य! आधी मी घाबरून ब्रेक दाबत राहिले आणि दर वेळी दोघींना हिसका बसला. "ताणू नको वं, ये मागं मागं!" ती ओरडली. मग मी सोडलं. पण हात स्टेअरिंगवरच होते, नजर दोरावर होती, उतारावर हलका ब्रेकही मलाच धरावा लागत होता. इंजिन मात्र माझं नव्हतं. शेजारी आई हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागली, 'बुद्धं सरणं गच्छामि'. शरण म्हणजे लोटांगण नव्हे, असं मी कितीदा लिहिलं आहे. ते आजही खरंच मानते. पण शरण म्हणजे काय, हे मला तोवर लिहिता आलं नव्हतं.

विहारासमोर पांढऱ्या लुगड्यातल्या बायका आमची वाट बघत उभ्या होत्या. आमची मिरवणूक बघून एक ओरडली, "वरात आली वं!" आई आतून म्हणाली, "नवरदेव पुढं ट्रॅक्टरवर हाय!" सगळ्यांत मोठ्यानं ती ट्रॅक्टरवालीच हसली. मी तिचं नाव विचारलं, तर म्हणाली, "नाव कायले? पत्रिका छापाची हाय का?" बागेला पाणी सोडायचं होतं. दोर गुंडाळून ती निघून गेली.

त्या दिवशी आईचा आवाज विहारात स्पष्ट लागला. मी मागे भिंतीशी बसून ऐकत होते आणि माझे डोळे भरून येत होते. चमत्कार झाला, असं मी म्हणणार नाही. एक बाई आली आणि मी विचारायला हवा होता तो प्रश्न तिनं विचारला. त्यासाठी मी तिची ऋणी आहे, आणि ज्याच्यापर्यंत हे ऋण पोचवता येत नाही अशा कशाचीतरीही.

गाडी आम्ही दुरुस्त केली. मेकॅनिक अजून मान हलवतो. हिशेबानं त्याचंच बरोबर असेल. ती कधीतरी पुन्हा थांबेल, तेव्हा पुन्हा कुणाच्या तरी मागे जाऊ. त्याची आता लाज वाटत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या पौर्णिमेला, किंवा तुम्ही विहारात, देवळात, दर्ग्यात जाल त्या दिवशी, निघण्याआधी तुमच्या गल्लीतलं एक दार वाजवा, जिथलं माणूस हल्ली बाहेर दिसत नाही. तब्येत विचारून परत फिरू नका. कुठे जायचंय ते विचारा, आणि घेऊन जा.