चंदेरी रंगाखालचा खडू

मोहोळजवळच्या आमच्या साखर कारखान्यात हंगामाआधी एक माणूस पाइप तपासायला यायचा. नाव कधी विचारलं नाही. बोलण्यावरून दुधनीकडचा वाटायचा. पाइपाला जाड पट्टा आवळून तो पाइपातून आवाजाची लहर सोडायचा आणि लॅपटॉपवर बघून गंज कुठं लागलाय ते सांगायचा. त्याआधी पाइपाखालचं बाकडं मात्र स्वतः ओढून लांब करायचा. तो गेला की आमचे लोक ते परत तिथंच आणायचे. तिथं वारा लागतो.

त्या वर्षी बॉयलरला उकळतं पाणी नेणाऱ्या पाइपावर, बरोबर बाकड्याच्या वर, त्यानं खडूनं खूण केली.

"एवढा तुकडा बदला साहेब. लई पातळ झालाय."

"बदलू की, बॉयलरची पूजा होऊ दे," आमचे इंजिनिअर म्हणाले.

"मग तोवर रंग तरी देऊ नका. चकचकीत दिसला की कुणी वर बघतच न्हाय."

पण पूजेला पाहुणे येणार होते. आमच्याकडं पाहुण्यांपुढं सगळं चकचकीतच लागतं. सगळे पाइप चंदेरी रंगवले, खडू रंगाखाली गेला आणि हंगामाच्या गडबडीत साहेबांच्या डोक्यातूनही गेला.

पुढच्या वर्षी तो आला. जुन्या पाइपात बसवलेला नवा तुकडा त्याला लांबूनच दिसला. पाइप कधी फुटला, कसा फुटला, काही विचारलं नाही. बाकडं ओढायला वाकला आणि तसाच थांबला.

"खाली कोण बसलं हुतं?"

आम्ही नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, बाकडं लांब नेलं आणि पट्टा आवळायला घेतला.

संध्याकाळी तो गेला. सकाळी बाकडं परत पाइपाखाली होतं.