पाण्याखालचा देव आणि मूठभर राख

मणिबेलीच्या नारसिंग वसावेला प्रश्न विचारायची भारी खोड. बांबूच्या टोपल्या घेऊन कोलकात्याच्या हस्तकला मेळ्यात गेला, तर दुसऱ्याच दिवशी दुकान बायकोच्या, रूपीबाईच्या, गळ्यात घालून जुन्या चिनी वस्तीत पोचला. तिथं चिनी लोकांचं शंभर-सव्वाशे वर्षांचं देऊळ आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. एवढ्या लांब यांनी देव आणला कसा, हे कळल्याशिवाय गड्याला चैन पडेना.

त्याला कारणही होतं. मणिबेली धरणाच्या पाण्यात गेली, माणसं तळोद्याकडच्या वसाहतीत आली, पण गावदेव पाण्याखालीच राहिला. नारसिंगचा बाप गावचा पुजारा. देव जागचा हलत नसतो, असं सांगून तो मेला. म्हणून दरसाल नवं धान्य आलं की नारसिंग बोटीने जायचा, पहिला घास पाण्यावर सोडायचा आणि मगच घरात नवी भाकर व्हायची. आता त्याचे गुडघे गेले होते आणि थोरला मुलगा उदेसिंग काही बोटीत पाय ठेवत नव्हता. आपल्यामागे देव उपाशी राहणार, ही टोचणी त्याला सोडत नव्हती.

देऊळ माडीवर होतं. लाल खांब, काळ्या पाट्यांवर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात सोंगट्या खेळणारे म्हातारे. देखरेख करणाऱ्या चिनी आजींनी त्याला बिनदुधाचा चहा दिला. पाट्यांवर पूर्वजांची नावं आहेत म्हटल्यावर नारसिंगचा हात सवयीने वळला. पिण्याआधी पूर्वजांसाठी चार थेंब त्याने जमिनीवर सोडले. चकचकीत फरशीवर! काय करून बसलो ते कळताच तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसायला वाकला.

आजी हसल्या. "रहने दो. हम लोग भी गिराता है. दारू का तीन कप."

मग काय, नारसिंगला रान मोकळं. "माँजी, देव चीन से कैसा लाया?"

आजींनी उदबत्त्यांच्या राखेने भरलेलं पितळी भांडं दाखवलं. त्यांच्या आजोबांनी गावच्या देवळातली मूठभर राख पुडीत बांधून आणली होती. तेवढ्यावर इथं देव बसला, मूर्ती मागून झाली.

"और उधर का मंदिर?"

"टूट गया था. फिर बनाया, तो वो लोग इधर से राख ले गया."

नारसिंगने वाकून ती राख नीट पाहिली. देव हलत नाही म्हणणाऱ्या बापाचा त्याला राग आला, आणि लगेच त्याची दयाही आली.

वैशाखात पाणी उतरलं, तसा तो रूपीबाईला घेऊन बोटीने गेला. काठाला गाळ उघडा पडला होता. त्यातली ओंजळभर माती त्याने फडक्यात बांधली.

"हीच देवाची जागा कशावरून?" रूपीबाईने भिलीत विचारलं.

"मला कुठं माहीत? पण आपण न्यायला आलोय, हे त्याला कळेल ना."

वसाहतीतल्या मोहाच्या झाडाखाली माती पुरली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. चिन्यांचं बघून देव हलवतो म्हणे! नारसिंगने ऐकून घेतलं, पण आतून तोही धास्तावलेला होता.

भादव्यात नवं धान्य आलं. मोहाखाली कणसं ठेवून नारसिंग ओठातल्या ओठात देवाला बोलावू लागला. थोरला उदेसिंग शेतातून तसाच येऊन बापाशेजारी उकिडवा बसला.

"बा, जरा मोठ्याने म्हण," तो म्हणाला. "मला पाठ करायचंय."