वळणावर थांबणारं इंजिन

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त झाले तेव्हा ताईला वाटलं होतं, आता हा माणूस जरा घरात लक्ष घालील. त्यांनी घातलं. थेट जेवणाच्या टेबलावरच घातलं. तेव्हापासून त्या घरात जेवणं ओट्याशी उभ्याने होतात आणि टेबलावर खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांची वीतभर इंजिनं पोट उघडं टाकून पडलेली असतात. पाहुण्याला बसायला खुर्ची मिळते, पण कप ठेवायला जागा स्वतःच्या गुडघ्यावर शोधावी लागते.

ही इंजिनं येतात कुठून? ज्यांनी लहानपणी त्यांना पलंगावरून खाली लोटून अपघाताचे प्रयोग केले आणि केस पिकल्यावर ज्यांना एकदम त्यांची माया आली, अशा सद्गृहस्थांकडून. भाऊजी नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचं काम ताईकडे आहे आणि तिचं कुणी ऐकत नाही.

भाऊजींची सारी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. लिफ्टवाल्याचा धर्म एकच : यंत्र कधी हललं आणि कधी थांबलं, हे आतल्या माणसाला कळता कामा नये. तोच धर्म त्यांनी या इंजिनांना लावला. एखादं म्हातारं इंजिन घरघरत, ठिणग्या टाकत टेबलावर आलं की भाऊजी त्याची मोटर उघडतात, तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजलेले कार्बनचे ब्रश बदलतात आणि वयोमानाने थकलेलं लोहचुंबक काढून तिथे नव्या जातीचं, नखाएवढं पण बैलाच्या ताकदीचं बसवतात. मग ते इंजिन असं मुकाट धावतं, की ते इंजिन आहे हे त्यालाही आठवत नसावं.

काढलेलं लोहचुंबक मात्र ते फेकत नाहीत. त्याच्या दोन्ही टोकांना जोडून लगेच लोखंडाची पट्टी बसवतात. तसं नाही केलं तर उरलीसुरली शक्तीही जाते म्हणे. मग पट्टीसकट ते बिस्किटांच्या डब्यात, जुने ब्रशही त्याच डब्यात. असे डबे खिडकीत, कपाटावर, पलंगाखाली.

“म्हणजे अशक्तपणा जसाच्या तसा जपून ठेवायचा?” मी एकदा विचारलं.

“तुला कळायचं नाही,” भाऊजी म्हणाले. हे ते मला लग्नाच्या मांडवापासून सांगत आले आहेत.

आता अप्पा. अप्पा म्हणजे आमचे वडील, भाऊजींचे सासरे. त्यांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. जगात चुकांखेरीज आणखी काही छापलं जातं, हे त्यांच्या डोळ्यांना ठाऊकच नव्हतं. ताईसाठी भाऊजी बघायला आले तेव्हा आईने विचारलं, कसा वाटला मुलगा? अप्पा म्हणाले, “मिशी डावीकडे जास्त आहे.” हे कानावर गेल्यावर भाऊजींनी मिशीच उतरवली. लग्नात अप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “आधी बरी होती.”

आई गेली, अप्पांचे गुडघेही गेले, तेव्हा ते ताईकडे राहायला आले. सामान एक बॅग आणि बुटांचं एक खोकं. खोक्यात त्यांचं हिरवं इंजिन होतं, पुढचा एक दांडा मोडलेलं. “बघा काही होतंय का,” एवढं म्हणून त्यांनी खोकं भाऊजींसमोर सरकवलं.

भाऊजींनी मला फोन केला. आवाज असा, जणू सरकारने त्यांना पदक जाहीर केलंय. “अरे, अप्पांनी मला काम सांगितलं! या माणसाने एकदा, फक्त एकदा ‘छान’ म्हणावं. मग मी मरायला मोकळा.”

“पण भाऊजी, ते नाहीच म्हणाले तर तुम्ही अमर व्हाल.”

भाऊजींनी सगळी विद्या पणाला लावली. नवे ब्रश, नवं लोहचुंबक, नवं तेल. उद्घाटनाला मलाही बोलावलं. टेबलावर रुळांचं कडं मांडलं होतं, अप्पांच्या पाठीला उशी होती. भाऊजींनी बटण फिरवलं आणि इंजिन निघालं. आवाज नाही, वास नाही, हिसका नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली, फेऱ्या चालूच राहिल्या.

“हे कुणाचं?” अप्पांनी विचारलं.

“तुमचंच, अप्पा. हा बघा मोडका दांडा.”

“दांडा माझा आहे. आत कुणीतरी दुसरं बसलंय.” ते बघत राहिले. “थांबत का नाही हे?”

“थांबणारच नाही आता! तीच तर गंमत–”

“मग मी इथं बसून काय करू?” आणि अप्पा काठी घेऊन आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. टेबल रिकामं झालं. ताईने ज्याची इतकी वाट पाहिली होती ते घडलं, आणि ती घाबरली. टेबलावर ताटं मांडली तर भाऊजी ताटाकडे असे बघत, की आता तेही उघडून बघणार. शेवटी ती म्हणाली, “अहो, ते वळणावर अडायचं. आई आतून ओरडायची, ‘अडलं का?’ मग अप्पा बोट लावायचे. आम्हा दोघा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. तो मान त्यांचा.”

“हे आधी नाही सांगायचं?”

“तुम्ही मला विचारलंत? तुम्ही मोटरला विचारलंत.”

“म्हणजे मी आता चांगलं यंत्र बिघडवू?” लिफ्टवाल्याच्या घराण्याला बट्टा लागणार होता.

ताईने कपाटाच्या आतून एक डबा काढून टेबलावर आपटला. अप्पांचं जुनं लोहचुंबक पट्टीसकट आत होतं, ब्रशही होते. “भंगारात द्यायचा होता,” ती म्हणाली, “पण भंगारवाला घेईना.” भंगारवाला त्यांच्या गल्लीत येऊन किती काळ लोटला, हे मी विचारलं नाही. मलाही त्या घरात चहा प्यायचा असतो.

भाऊजी कामाला लागले. “बिघडवणं किती अवघड असतं, कल्पना आहे तुला?” त्यांनी मला विचारलं.

“नाही बुवा. मला ते उपजतच येतं.”

या खेपेला अप्पांना कुणी बोलावलं नाही. बटण फिरलं, इंजिन घरघरलं, ठिणगी उडाली, तापलेल्या तेलाचा वास घरभर पसरला. आतून काठीचा आवाज आला. अप्पा दारात उभे राहिले, मग खुर्चीत बसले. इंजिन वळणाशी आलं, कण्हलं आणि अडलं.

मग स्वयंपाकघरातून ताई ओरडली, “अडलं का?”

अप्पांचं वाकडं झालेलं बोट पुढे आलं. इंजिन हललं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा अडलं, पुन्हा बोट. असं बराच वेळ चाललं.

“जावईबापू.”

“हो, अप्पा.” भाऊजी ताठ उभे.

“इतके दिवस घेतलेत, आणि अजून वळणावर अडतंच.”

भाऊजींचा चेहरा आधी पडला. पण पुढच्या फेरीला अप्पांनी हात मागे घेतला. “या खेपेला तुम्ही लावा. ढकलायचं नाही. नुसतं सांगायचं त्याला.”

ज्या वळणाला ताईला आणि मला जन्मात हात लावू दिला नव्हता, तिथे भाऊजींनी बोट लावलं. इंजिन उडी मारून पळालं.

“जास्त झालं,” अप्पा म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू अप्पांचं ‘छान’ आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.