बटण तुझं तूच दाब

पोलोग्राउंडला आमच्या वर्कशॉपशेजारी एका काकांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मी लाइटचं बिल भरायला जातो आणि दरवेळी तोच पाठ ऐकतो. कॉलेजात नुकतं ॲडमिशन घेतलेलं कुणी समोर बसलं, की काका चष्मा कपाळावर चढवतात. "देखो बेटा, पहिले स्कॉलरशिप. ती परत नाही करावी लागत. ती नाही मिळाली तर फीमाफी. लोन सबसे आखिर में, समजलं?" भरलेला फॉर्म तीनदा वाचून दाखवतात. पण सबमिटचं बटण स्वतः कधीच दाबत नाहीत. स्क्रीन समोरच्याकडे फिरवतात, माउस सरकवतात. "नशीब तुझं आहे, बेटा. बटण तुझं तूच दाब."

परवा स्कॉलरशिपची शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. साडेचारला एक मुलगी धापा टाकत आली. उत्पन्नाचा दाखला तिच्या हातात तेव्हाच पडला होता. फॉर्म भरून झाला, पण साइट अडकली, चक्र नुसतं फिरत राहिलं. पाच वाजून गेल्यावर पान उघडलं. त्यावर एवढंच होतं, मुदत संपली. मी त्यांच्या खुर्चीमागेच उभा होतो, म्हणून मला दिसलं.

त्यांची पद्धत ठाऊक असल्यासारखा तिने माउससाठी हात पुढे केला. त्यांनी स्क्रीन फिरवलाच नाही. स्वतःच क्लिक केलं.

"झालं ना, काका?"

"झालं, बेटा. जा घरी."

जाताना ती मलाही थँक्यू म्हणाली. मी मान हलवली.